सियोनचे बुरूज मोजताना : ४८व्या स्तोत्राचा अभ्यास



आजचा अभ्यास सुरू करण्यापूर्वी एक विनंती आहे. घरातले बायबल हाती घ्या आणि ४८वे स्तोत्र एकदा मोठ्याने वाचा. अवघी चौदा वचने आहेत. जुन्या लॅटिन बायबलच्या क्रमाने हेच स्तोत्र ४७वे येते, आणि काही भाषांतरांत शीर्षकाची ओळही वचन म्हणून मोजतात. म्हणून शेजारच्या घरातल्या बायबलमध्ये क्रमांक एकाने पुढेमागे दिसला तर गोंधळून जाऊ नका. या लेखात मी स्तोत्राच्या ओळी उतरवून देणार नाही. त्या आपल्यासमोर उघड्या आहेत असे धरूनच लिहितो आहे.

हे स्तोत्र आपल्या उपासनेत नवे नाही. साधारण काळातील चौदाव्या रविवारच्या मिस्साचे प्रवेशवचन याच स्तोत्रातून घेतलेले आहे. २ फेब्रुवारीला, प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणालाही तेच वचन येते. सम वर्षी बाराव्या आठवड्याच्या मंगळवारी दुसऱ्या राजांच्या पुस्तकातील १९व्या अध्यायाला प्रतिसाद म्हणून आपण हेच स्तोत्र म्हणतो. म्हणजे कळत-नकळत आपण ते अनेक वेळा म्हटलेले आहे. परंतु म्हणणे वेगळे आणि त्याच्यापुढे थांबणे वेगळे. मला थांबायला लावले ते एका भगिनीने.

३१ मे २०१६ च्या पहाटे आपल्या जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली, हे आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. स्फोटांच्या आवाजाने आसपासच्या गावांतील माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी, जवान आणि अधिकारी त्या रात्री मरण पावले. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या प्रार्थनासभेत मी हे स्तोत्र वाचायला निवडले. देवाने आपल्याला कसे सांभाळले, यावर दोन शब्द बोलावेत हा विचार होता. बोललोही. सभा संपली, चहा झाला, आणि त्या भागातून आलेल्या एक वयस्क भगिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, आमच्या घराच्या काचा फुटल्या, पण आम्ही वाचलो, देवाची कृपा. पण जे गेले, त्याइच्या घरीबी कोणी प्रार्थना करतच असन ना?"

मला उत्तर देता आले नाही. "हो, असेलच" एवढेच म्हणालो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नावर मी नंतर जे वाचले आणि जे मला उमगले, ते आहे. संपूर्ण उत्तर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम स्तोत्राची मांडणी पाहू. शीर्षकात ते कोरहाच्या वंशजांचे आहे असे म्हटले आहे. हा कोरह कोण? गणना या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात मोशेविरुद्ध बंड करणारा, आणि ज्याला जमिनीने गिळले, तोच. मात्र त्याच पुस्तकाच्या २६व्या अध्यायात, सहज नजरेतून सुटेल अशा एका लहानशा वचनात, कोरहाचे मुलगे मेले नाहीत असे नोंदवलेले आहे. ज्या घराच्या पायाखालची जमीन एकदा फाटली होती, त्याच घरातील माणसे पुढे मंदिरात गायक झाली आणि न ढळणाऱ्या नगराचे गीत त्यांच्या नावावर आले. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. यहुदी परंपरेनुसार मंदिरात लेवी लोक हे स्तोत्र आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी गात असत.

पहिली तीन वचने नगराची स्तुती करतात. पण ती शब्दाने नगराची नसून परमेश्वराची आहे, हे लक्षात घ्या. पहिला शब्द देवाच्या थोरवीचा आहे, नगर नंतर येते. सियोन उंच आणि देखणा आहे असे कवी म्हणतो. ज्यांनी पवित्र भूमीची यात्रा केली आहे ते सांगतील की सियोनची टेकडी काही मोठी नाही. समोरचा जैतुनांचा डोंगर तिच्याहून उंच आहे. शिवाय कवी तिला उत्तरेच्या टोकाशी नेऊन ठेवतो, आणि यरुशलेम तर देशाच्या दक्षिण भागात आहे! ही भूगोलाची चूक नाही. 'उत्तर' यासाठी मूळ हिब्रू शब्द 'साफोन' हा आहे, आणि साफोन हे सिरियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील एका खऱ्या उंच पर्वताचे नाव होते. कनानी लोक तो बआल दैवताचा पर्वत मानीत. १९२९ पासून उगारित येथे ज्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांवरून हे चांगले समजले. म्हणजे आपला कवी म्हणतो आहे की तुमचा तो गगनाला भिडलेला पर्वत राहू द्या; खरा देव या लहानशा टेकडीवर भेटतो. उंची टेकडीची नाही, तिथे राहणाऱ्याची आहे.

यानंतर राजे येतात. चौथ्या ते सातव्या वचनात लढाईचे वर्णन कुठेच नाही, हे आपल्या ध्यानात आले का? राजे एकत्र जमले, त्यांनी पाहिले आणि ते पळाले. त्यांनी काय पाहिले, ते कवी सांगत नाही. प्रसूतीच्या वेणा आणि पूर्वेच्या वाऱ्याने फुटणारी तार्शीशची जहाजे अशा दोन उपमा तेवढ्या देतो. पूर्वेचा वारा म्हणजे वाळवंटाकडून येणारा कोरडा, भाजून काढणारा वारा. आपण वर्ध्याची माणसे, मे महिन्यातील वारा आपल्याला समजावून सांगायला नको. तार्शीशची जहाजे ही त्या काळची सर्वांत मोठी, दूर समुद्रावर जाणारी जहाजे होती. डोंगरावरच्या नगराच्या गीतात जहाजे कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर असे दिसते की निर्गमच्या १४व्या अध्यायात ज्या पूर्वेच्या वाऱ्याने समुद्र दुभंगला, त्याची आठवण कवीला करून द्यायची आहे.

आता इतिहास. काही अभ्यासक या स्तोत्राचा संबंध इसवी सनापूर्वी ७०१ मधील घटनेशी जोडतात. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा देशावर चालून आला. यरुशलेमात हिज्कीया राजा होता आणि यशया संदेष्टा होता. दुसरे राजे १८ व १९ आणि यशया ३६ व ३७ या अध्यायांत ही हकिगत आहे. यरुशलेम पडले नाही. सन्हेरीब परत गेला. सगळे नगर आनंदाने गाऊ लागले असेल, यात नवल नाही.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. प्रार्थनासभेत मी एवढीच सांगितली होती. परंतु सन्हेरीबाने आपल्या बाजूनेही ही मोहीम मातीच्या सहाकोनी स्तंभावर कोरून ठेवली आहे. तो स्तंभ १८३० मध्ये निनवेच्या अवशेषांत मिळाला आणि आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले अशी फुशारकी तो मारतो, पण नगर घेतले असे म्हणत नाही. आपल्या बायबलशी हे जुळते. मात्र त्याच ठिकाणी तो सांगतो की यहूदाची तटबंदीची ४६ नगरे आणि त्यांच्याभोवतीची असंख्य खेडी त्याने घेतली. खुद्द बायबलही तटबंदीची नगरे घेतल्याचे एका वचनात मान्य करते. त्यांतील लाखीश नगराचा वेढा सन्हेरीबाने आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर दगडात कोरवून घेतला. त्या शिल्पात हरलेली माणसे चाललेली दिसतात. बैलगाड्यांवर संसाराचे सामान बांधले आहे आणि त्यावर बायका व मुले बसली आहेत.

ते चित्र मी एका पुस्तकात पाहिले आणि पुलगावच्या भगिनीचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. लाखीशमध्येही प्रार्थना होतच असतील ना? देव एकच, करार एकच. यरुशलेम वाचले आणि सेहेचाळीस नगरे गेली.

आता अकरावे वचन पुन्हा पाहा. सियोनने आनंद करावा आणि 'यहूदाच्या कन्यांनी' उल्हास करावा असे तिथे म्हटले आहे. हिब्रू भाषेत मोठ्या नगराभोवतीच्या खेड्यांना त्या नगराच्या कन्या म्हणण्याची पद्धत होती. म्हणजे या कन्या केवळ मुली नसून यहूदाची गावे असाव्यात. स्तोत्र खरोखर ७०१ नंतरचे असेल तर ज्या गावांची राख झाली, त्यांनाच कवी आनंद करायला बोलावतो आहे! हे निर्दयपणाचे आहे की मोठ्या विश्वासाचे, याचा निर्णय मला करता येत नाही. पण राजधानीच्या माणसांना हे गाणे सोपे आणि खेड्यातल्या माणसांना कठीण गेले असणार, एवढे नक्की. आपण खेड्यांच्या जिल्ह्यात राहतो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धाही होता. हे स्तोत्र 'कन्यांच्या' बाजूने वाचायला आपल्याला जमले पाहिजे.

यरुशलेमातही सगळे देवावर सोडून बसले होते असे नाही. हिज्कीयाने गीहोन झऱ्याचे पाणी नगराच्या आत आणण्यासाठी खडकातून बोगदा खोदला. तो सुमारे ५३३ मीटर लांब आहे आणि आजही त्यातून पाणी वाहते. दोन तुकड्या दोन टोकांकडून खोदत आल्या आणि मध्ये भेटल्या, असे सांगणारा लेख १८८० मध्ये बोगद्याच्या भिंतीवर सापडला. याशिवाय त्या काळची एक सात मीटर रुंदीची भिंतही यरुशलेमात उत्खननात उघडी झाली. ती भिंत लोकांच्या घरांवरून गेलेली आहे. घरे पाडून त्यांवर तट चढवला होता. यशयाच्या २२व्या अध्यायात संदेष्टा नेमके याच गोष्टीवर बोट ठेवतो. तुम्ही नगरातली घरे मोजली, तट मजबूत करायला घरे पाडली, पाणी साठवले, पण ज्याने हे सर्व केले त्याच्याकडे पाहिले नाही, असा त्याचा ठपका आहे. स्तोत्रात बुरूज मोजायला सांगितले आहे आणि इथे घरे मोजली गेली! तट बांधणे चूक होते असे मला म्हणायचे नाही. बोगदा खणणे तर शहाणपणच होते. पण रक्षणाच्या नावाखाली कोणाचे घर पडले, हा प्रश्न संदेष्टे सोडत नाहीत. यशयाच्याच काळातला मीखा तर तिसऱ्या अध्यायात आणखी पुढे जातो. रक्ताने सियोन बांधायचे आणि 'परमेश्वर आपल्यामध्ये आहे, आपल्याला काय होणार' असे म्हणायचे, हे चालणार नाही. सियोन शेतासारखे नांगरले जाईल, असे तो बजावतो.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांत ४८व्या स्तोत्राचे काय झाले? लोकांनी त्याचा ताईत केला. मंदिर आहे तोवर आपल्याला भय नाही, असे म्हणत ते मनाला येईल तसे वागू लागले. यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून हा भ्रम फोडला. सातवा आणि सव्विसावा अध्याय वाचा. त्याबद्दल त्याला जिवे मारायलाही निघाले होते. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम घेतले, मंदिर जाळले. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात जाणारे-येणारे लोक टाळ्या पिटून विचारतात की साऱ्या पृथ्वीचा आनंद म्हणवणारे नगर हेच का? हे शब्द कुठून आले, ते आपल्या ध्यानात येईल. ते ४८व्या स्तोत्राचेच आहेत. ज्या गीताने नगराने स्वतःला धीर दिला, तेच गीत टोमणा होऊन परत आले. बायबलचा मोठेपणा असा की त्याने हा टोमणा लपवून ठेवला नाही. स्तोत्रही ठेवले आणि विलापगीतही ठेवले, एकाच पुस्तकात.

माझ्या मते हे स्तोत्र समजून घ्यायचे तर विलापगीत सोबत ठेवूनच वाचले पाहिजे. केवळ स्तोत्र वाचले तर आपण पुलगावच्या वाचलेल्यांचे आभार मानू आणि गेलेल्यांना विसरू. केवळ विलापगीत वाचले तर गाणेच बंद होईल.

अशीच एक कथा आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्तसभेची आहे. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी भक्कम तटाच्या आत एक पूर्ण शहर वसवले होते. त्यात अनेक मठ आणि चर्च होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे ते शहर पडले. तटावर मोठा भरवसा होता. आज तिथे गेलात तर छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती दिसतात. त्या काळी वसई भागातून नेलेल्या घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात अजून टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. पण बंधुभगिनींनो, तटाबाहेरच्या गावांतील साधी माणसे, शेतकरी आणि कोळी, त्यांची श्रद्धा राहिली. आज वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, तो १९९८ मध्ये स्थापन झाला. मराठीला 'सुबोध बायबल' देणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतले. बुरूज पडले, 'कन्या' उभ्या राहिल्या. पोर्तुगीज अमलात धर्माच्या नावाने जे अन्याय झाले तेही आपण विसरू नये. मीखाचा तिसरा अध्याय वसईच्या तटालाही लागू पडतो.

आपल्या जिल्ह्यातही बुरुजांचे काय होते, ते पाहायला लांब जायला नको. पवनार हे आज धाम नदीच्या काठचे गाव आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे डॉ. वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही संशोधक हा मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. विनोबाजी १९३८ मध्ये तिथे राहायला आले, आणि जमीन खणताना प्राचीन मूर्ती निघाल्या. मातीखाली गेलेल्या त्या वैभवावर त्यांनी आश्रम मांडला. याच विनोबांनी पुढे नव्या करारातील वेचे निवडून 'ख्रिस्तधर्मसार' तयार केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

आता आपल्या प्रभूकडे येऊ. डोंगरावरील प्रवचनात येशूने यरुशलेमला थोर राजाचे नगर म्हटले आहे, मत्तय ५:३५. हे नाव याच स्तोत्रातले आहे. म्हणजे लहानपणापासून प्रभूने हे स्तोत्र म्हटलेले होते. यात्रेला जाताना दुरून मंदिर दिसले की लोक कसे गात असतील, याची कल्पना आपण करू शकतो; पंढरीच्या वाटेवरचा वारकरी कळस दिसताच हात जोडतो, ते आपण पाहिलेलेच आहे. पण लूक १९:४१ मध्ये प्रभू त्याच नगराला दुरून पाहतो आणि रडतो. पुढच्या अध्यायांत शिष्य मंदिराचे सुंदर दगड दाखवतात. ते एका अर्थाने ४८व्या स्तोत्राप्रमाणेच वागत होते, न्याहाळत होते. प्रभू त्यांना सांगतो की यांतला दगडावर दगड राहणार नाही. सन ७० मध्ये रोमी सेनापती तीतसाच्या सैन्याने ते खरे केले.

मग देवाच्या रक्षणाचे काय उरले? लूक १३:३४ पाहा. पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा प्रभूने स्वतःसाठी वापरली. ही उपमा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातले आश्चर्य बोथट झाले. कोंबडीला तट नसतो, बुरूज नसतो. घार आली, वणवा आला तर तिच्याजवळ स्वतःच्या अंगाशिवाय काही नसते. स्तोत्रात देव स्वतः नगराचा दुर्ग आहे. येशूमध्ये तो दुर्ग उघड्या अंगाचा झाला, आणि इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायाप्रमाणे त्याने वेशीबाहेर दुःख सोसले. वेशीबाहेर! म्हणजे लाखीशच्या लोकांजवळ, बैलगाडीवर बसलेल्यांजवळ. आग विझवायला जे गेले त्यांच्याजवळही, असे मी म्हणेन. ते स्वतः दुसऱ्यांसाठी तट झाले होते.

प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात योहानाला जे नवे यरुशलेम दिसते, त्याला तट आहे, बारा वेशी आहेत, पण त्या वेशी कधीच बंद होत नाहीत. रक्षणासाठी बांधलेल्या नगराच्या वेशी उघड्या! वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराची आठवण होते. १९२८ मध्ये जमनालालजी बजाज यांनी ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडले. मंदिर सर्वांना उघडल्याने देव बाटेल, असे तेव्हा पुष्कळांना वाटत होते. आपण ख्रिस्ती लोकांनी मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी थांबावे. आपल्या देशाच्या काही भागांत दलित ख्रिस्ती बांधवांसाठी चर्चमध्ये वेगळी बाके आणि वेगळी दफनभूमी होती, काही ठिकाणी हा प्रश्न अजून मिटलेला नाही. वेस कोणासाठी उघडी आहे, यावरून नगर कोणाचे ते कळते.

आणखी एका माणसाचा उल्लेख करावासा वाटतो. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडचे ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ. गांधीजींच्या सांगण्यावरून ते वर्ध्याला आले आणि मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तके लिहिली. समाज टिकतो कशाने, हा त्यांचा प्रश्न होता. मूठभरांच्या लाभासाठी खेडी पिळून उभी राहिलेली व्यवस्था हिंसेवर उभी असते आणि ती टिकत नाही, असे ते मांडत. कुमारप्पांना ४८वे स्तोत्र आवडत होते की नाही ते बाजूला ठेवू, पण दहाव्या वचनात देवाचा उजवा हात कशाने भरलेला आहे ते पाहा. तलवारीने नव्हे, न्यायाने. आणि नवव्या वचनात मंदिरात बसून लोक कशाचे चिंतन करतात? हिब्रूत तिथे 'हेसेद' हा शब्द आहे. दिलेला शब्द पाळणारे, सोडून न जाणारे प्रेम, असा त्याचा भाव आहे. आपल्या मराठीत दया म्हटले की वरून खाली दिलेले दान वाटते. हेसेद तसे नाही, ते नात्यातले आहे.

शेवटची तीन वचने मला सर्वांत प्रिय आहेत. सियोनभोवती फिरा, बुरूज मोजा, तट न्याहाळा, आणि पुढच्या पिढीला सांगा. काय सांगा? मोजलेल्या बुरुजांची संख्या सांगा असे तिथे म्हटलेले नाही. हा आपला देव आहे, हे सांगा असे म्हटले आहे. मोजदाद बुरुजांची आणि साक्ष देवाची! आपण मुलांना चर्चचा इतिहास सांगताना पुष्कळदा उलटे करतो. इमारत कोणत्या साली बांधली, घंटा कुठून आली, वर्गणी किती जमली, हे पाठ करून घेतो. तेही हवे. पण आजीने दुष्काळात काय सोसले आणि तेव्हा ती कोणाला हाक मारत होती, हे मुलांना कोण सांगणार?

आणि मग अगदी शेवटचे वचन. देव आपल्याला नेईल, चालवील, असे कवी म्हणतो. इथे जे हिब्रू क्रियापद आहे ते गुरे-मेंढरे हाकत नेण्याचे आहे. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात मोशे सासऱ्याची मेंढरे रानात नेतो, तिथेही तेच क्रियापद आहे. आर्वी-कारंजाकडे गवळाऊ गायींच्या मागे चालणारे नंद गवळी आपण पाहिले आहेत. तसे हे नेणे आहे. किल्ल्यात राहणाऱ्याला वाटाड्या लागत नाही. मग दुर्गाचे गीत गुराख्यापाशी येऊन का थांबले? कोरहाच्या वंशजांना हे ठाऊक असावे की एक दिवस सगळ्यांनाच वेशीबाहेर पडावे लागते. या वचनातले अखेरचे दोन हिब्रू शब्द तर असे आहेत की त्यांचा अर्थ काही जण 'सदासर्वकाळ' असा करतात आणि काही 'मरणापर्यंत' असा. जुन्या भाषांतरकारांतही यावर एकमत नाही. दोन्ही अर्थ खरे मानायला माझी हरकत नाही.

पुढच्या महिन्यातल्या सभेत मी त्या भगिनीला एवढेच वाचून दाखवले, लाखीशचे चित्रही दाखवले. त्यांनी चष्मा पुसून बैलगाडीवरच्या बायकांकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "आता त्याइच्यासाठी पण म्हणू आपण हे स्तोत्र." त्या दिवशी आम्ही ते बसून म्हटले नाही. सभा ज्या घरी होती त्या घराभोवती आणि मागच्या वाडीतून सगळे चालत गेलो आणि म्हटले. एक लहान मुलगा मोठ्याने खांब मोजत होता, त्याला कोणी गप्प केले नाही.

पुढील सभेसाठी विलापगीताचा दुसरा अध्याय आणि लूक १९:४१ ते ४४ वाचून यावे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांनाही सोबत आणावे. या वेळी बोलायचे काम त्यांचे आहे.